मोजणाऱ्यांची गर्दी

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या एका शिक्षणसंस्थेने यंदा मुलींच्या वसतिगृहाचे अर्ज फक्त संगणकावर घ्यायचे ठरवले. कागद वाचतो, वेळ वाचतो, शिवाय वर्तमानपत्रात फोटो येतो. ते अर्ज साठवणारा सर्व्हर राजश्रीच्या ताब्यात होता.

सुरुवातीलाच तो एकदा अडखळला. अध्यक्ष शिवलिंगप्पा अण्णांनी कारण विचारलं, तेव्हा तिने त्यांना सोपं करून सांगितलं.

"अण्णा, ही खानावळ समजा. शंभर पाट मांडलेत. अर्ज भरायला आलेला माणूस एका पाटावर बसतो, त्याला आम्ही कनेक्शन म्हणतो. जेवण झालं की त्याने उठायचं. तो हात वाळवत बसून राहिला, तर दारातला उपाशी."

"मग किती जण बसलेत ते मला दिसायला पाहिजे की," अण्णा म्हणाले.

मागणी रास्त होती. राजश्रीने घाईघाईत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. अण्णांच्या केबिनमध्ये भिंतीवर टीव्ही लागला आणि त्यावर उघड्या कनेक्शनचा आकडा दिसू लागला. नारळ फुटला. आधी टीव्हीला हार घातला, मग अण्णांना.

पण सोलापुरात सत्काराची टॉवेल-टोपी एकाला देऊन दुसऱ्याला वगळून चालत नाही. वगळलेला माणूस पुढच्या सभेला भांडायलाच येतो. उपाध्यक्ष शहाजीराव म्हणाले, "अण्णांच्या भिंतीवर आकडा, आणि आमच्या भिंतीवर कॅलेंडर?" झालं. आकडा शहाजीरावांच्या भिंतीवर गेला, मग सगळ्या विश्वस्तांच्या मोबाइलवर, मग माजी विश्वस्तांच्या, आणि मान राखायचा म्हणून त्यांच्या जावयांच्याही.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी करमाळ्याहून सयाजी आपल्या लेकीला, संस्कृतीला घेऊन आला. तिला इथल्या तंत्रनिकेतनात प्रवेश मिळाला होता. वसतिगृह मिळालं तर शिक्षण, नाहीतर घर, असं त्याने गाडीतच सांगून टाकलं होतं. ज्यांना संगणक जमत नाही त्यांचे अर्ज भरून द्यायला खिडकीशी राजश्री बसली होती. तिने अर्जाचं पान उघडलं. पान उघडेना.

"ताई, हुईल न्हवं आज?" सयाजीने विचारलं. संस्कृती पडद्याकडे बघत राहिली.

अण्णांनी आकडा वर चढताना पाहिला आणि व्हॉट्सॲपवर हुकूम काढला: सर्वांनी आकड्यावर लक्ष ठेवावे. सर्वांनी ठेवलं. आकडा आणखी चढला.

व्यवस्था पाहणाऱ्यासाठी सर्व्हरवर एक पाट राखून ठेवलेला असतो. त्यावरून आत शिरून राजश्रीने पाटावर कोण कोण बसलंय ते पाहिलं, आणि तिचे कान गरम झाले. अर्ज भरणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळीकडे तिच्याच प्रोग्रॅमचं नाव. कुणीही आकडा बघायला डोकावलं की त्याच्यासाठी एक नवा पाट अडत होता, आणि बघून झाल्यावर तो सोडायची ओळ ती लिहायलाच विसरली होती.

ती धावत केबिनमध्ये गेली. "अण्णा, चूक माझी आहे. पण आत सगळे मोजणारेच बसलेत. जेवणाऱ्यांना जागा नाही."

"मग उठव की त्यांना."

"सगळ्यांना?"

"मला सोडून."

शहाजीराव तिथेच चहा पीत होते. "अण्णा बसणार असतील तर मीही बसणार."

"मग मुदत तरी वाढवा," राजश्री म्हणाली.

"त्याला सभा लागते," अण्णा म्हणाले, "आणि सभेला पंधरा दिवसांची नोटीस."

राजश्री खिडकीशी परत आली. सयाजी उभाच होता. तिने एक आज्ञा लिहिली आणि अध्यक्ष, उपाध्यक्ष, आजी, माजी, जावई अशा सगळ्यांना एकदम पाटावरून उठवलं. प्रोग्रॅमही बंद केला. अर्जाचं पान लगेच उघडलं.

टेबलावरचा फोन वाजू लागला.

"ताई, फोन वाजतोय," सयाजी म्हणाला.

"वाजू द्या. बाळ, दहावीचे गुण सांग."

गुण भरले, फोटो चढला, पोच छापून आली. संस्कृतीने ती दोन वेळा वाचली आणि वडिलांच्या हातात न देता स्वतःच्याच पिशवीत ठेवली. मग राजश्रीने फोन उचलला.

"आकडा गेला," अण्णा म्हणाले.

"मीच घालवला अण्णा. अर्ज आता सुरळीत चाललेत."

अण्णांच्या मागून शहाजीरावांचा आवाज आला, "बाकीच्यांचापण गेलाय का विचारा, का आमचाच?"

"सगळ्यांचा गेलाय," राजश्री म्हणाली.

"मग हरकत नाही," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.