माझ्या कोपऱ्यावरचा निळा डाग

मित्रांनो, नाक मुरडू नका. मेंढरांचा वास येणारच, मी घोंगडी आहे. वयानं म्हणाल तर तुमच्या आईपेक्षा मोठी. काठ झिजले आहेत, मधोमध दोन ठिगळं आहेत आणि एका कोपऱ्यावर अंगठ्याएवढा निळा डाग आहे. ठिगळांचं मला काही वाटत नाही, वापरातली वस्तू फाटायचीच. तो डाग मात्र मला सलतो. तो कसा पडला ते सांगायलाच आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म आंबेगाव तालुक्यातला. महाळुंगे पडवळच्या शिवेला माळावर मेंढपाळांची एक वस्ती आहे, तिथले कुशाबा माझे मालक. त्यांनी काळ्या मेंढ्यांची लोकर कातरली. त्यांची आई सोनीबाई, तिनं ती पिंजली आणि चालता बोलता हातातल्या चातीवर सूत काढलं. मग विणकरानं मला मागावर विणलं, चिंचोक्याची खळ पाजली आणि कडक उन्हात ताणून वाळवलं. मी अशी टोचायची की लहान पोरं रडत. सोनीबाई म्हणायची, "टोचतीय तवर घोंगडी खरी. मऊ पडली की समजा म्हातारी झाली."

पावसात मी कुशाबांच्या डोक्यावरची खोळ झाले, थंडीत पांघरूण झाले, अडलेल्या मेंढीखाली अंथरूण झाले. पण माझा खरा मान वेगळाच होता. वस्तीवर काही ठरवायचं असलं की मला भैरवनाथाच्या देवळापुढे अंथरत. सोयरीक असो, चराईचा तंटा असो, बोलून झालं की प्रत्येकानं माझ्यावर उजवा हात ठेवायचा. घोंगडीवर हात ठेवला की विषय संपला. कागद नाही, सही नाही. मेंढरं घेऊन कोकणात जातानाही मला सोबत नेत, म्हणजे वाटेवर झालेला निवाडाही वस्तीवरच्या इतकाच पक्का. 'घोंगडी तिथं शब्द' अशी म्हणच होती. लोक 'भिजत घोंगडं' म्हणून आमच्या कुळाला नावं ठेवतात. ठेवोत बापडे. माझ्यावर कुठलाच विषय कधी भिजत पडला नाही.

अशा माझ्यावर रोहिणी लहानाची मोठी झाली. कुशाबांची ती थोरली नात, दादाभाऊ आणि रतनबाईची लेक. पालथी पडून ती माझ्यावर अभ्यास करायची. माझी लोकर कोपराला टोचायची, म्हणून तिला झोप लागत नसे. तिच्या पहिल्या नंबरात माझा वाटा आहे असं मी मनात धरून होते. कुणाला बोलून दाखवलं नाही एवढंच.

वस्तीवरची शाळा चौथीपर्यंत. पुढची शाळा चार किलोमीटरवर आणि वाट उसातून. आमच्याकडे ऊस म्हटलं की बिबट्या आलाच. रतनबाई रोज घुंगराची काठी आपटत लेकीला सोडायला जायची आणि आणायला जायची. सोबत नंदा असायची, रोहिणीची जिवाभावाची मैत्रीण. आठवीत असताना एका सकाळी त्या वाटेवर बिबट्यानं कुत्रं उचललं, पोरींच्या डोळ्यांदेखत. दुसऱ्या दिवसापासून नंदाची शाळा बंद. दोन वर्षांत तिचं लग्न झालं. त्या दिवशी रोहिणी माझ्यात तोंड खुपसून रडली. रडून झाल्यावर म्हणाली, "नंदा माझ्यापरीस हुशार व्हती." तिच्या मनात एसटी गाडीचा विचार तेव्हाच रुजला असावा.

रोहिणी शिकत राहिली. बारावी झाली, मग कळंबपर्यंत चालत जाऊन पुढे एसटीनं मंचरच्या कॉलेजात जाऊ लागली. एकीकडे तिनं वस्तीपर्यंत एसटी आणायचा ध्यास घेतला. ग्रामसभेत बोलायचं म्हणून ती आधी माझ्यावर उभी राहून कोकरांपुढे भाषण करायची. कोकरं तिचं ऐकून घेत. ग्रामसभेनं ऐकलं नाही. पहिल्या खेपेला ती दोन वाक्यं बोलली, आवाज कापला, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "पोरगी लई शिकली राव, आता दारात गाडी मागतीया." सगळे हसले. ती घरी आली, माझ्यावर बसली आणि पायाच्या नखानं माझा काठ उसवत राहिली.

पुढच्या ग्रामसभेला ती एकटी गेली नाही. रतनबाई आणि अकरा बायका तिच्यासोबत होत्या, ज्यांनी ग्रामपंचायतीची पायरी तोवर चढलेली नव्हती. रोहिणीच्या हातात एक यादी होती. उसाच्या वाटेपायी शाळा सुटलेल्या पोरींची नावं. पहिलं नाव नंदाचं. ती नुसती नावं वाचत गेली. ज्यांच्या लेकींची नावं निघाली ते खाली बघत होते, हसायला कुणी उरलं नव्हतं. ठराव झाला. मग डेपोचे हेलपाटे सुरू झाले. जायची, अर्ज द्यायची, तारीख घेऊन यायची. सहाव्या हेलपाट्याला साहेब म्हणाले, "शाळेला जाणाऱ्या वीस तरी मुली असतील तर महिनाभर गाडी चालवून बघू. संख्या टिकली तर कायम करू."

वस्ती आणि वाटेवरचे मळे मिळून मुली भरत होत्या तेवीस. पण यातल्या चौदा मेंढरांच्या घरच्या. दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढरं आणि सगळं बिऱ्हाड, कोकणात उतरतो आणि कोकरं सांभाळायला पोरींनाही नेतात. म्हणून रोहिणीनं आजोबांना गळ घातली, आणि नवरात्रात मला देवळापुढे अंथरलं.

नऊ घरांचे कर्ते माझ्याभोवती बसले. पहिला हात कुशाबांनी ठेवला. म्हणाले, "शाळेतल्या येका बी पोरीला आमी वाड्याबरोबर नेणार न्हाई. पोरी हितंच ऱ्हातील, गाडीनं जातील." त्यांच्या मागोमाग आठ हात आले. सगळ्यांत शेवटी रोहिणीनं माझ्यावर डोकं टेकलं. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्यावर लाखमोलाचे सौदे झाले, पण त्या दिवशीइतकी मी कधी फुगले नव्हते.

गाडी सुरू झाली. सकाळी हॉर्न वाजला की तेवीस वेण्या देवळापाशी जमायच्या. रोहिणीची धाकटी बहीण संस्कृती आठवीत होती, ती खिडकीची जागा धरायला सगळ्यांच्या आधी पळायची. पास फुकट, वाट निर्धोक. रतनबाईनं घुंगराची काठी वळचणीला खोचून टाकली. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तीन आठवडे झाले. शाळा उघडल्यावर एकच आठवडा काढायचा होता.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी रोहिणी कॉलेजच्या कामासाठी सकाळीच मंचरला गेली. तिची पाठ वळली आणि कुशाबांनी घोडं लादायला घेतलं. वाडा दोन दिवसांनी निघणार असं ठरलं होतं, तो त्याच दिवशी काढला. दोन वर्षं कुशाबा कोकणात गेले नव्हते, मीही घरीच होते. त्या दिवशी त्यांनी मला खुंटीवरून काढलं आणि संस्कृतीला हाक मारली. "चल गं, दफ्तर आण. तिकडं वाच."

रतनबाई आडवी आली. "आबा, शब्द दिलाय तुमी. घोंगडीवर हात ठेवलाय."

कुशाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. मला घोड्यावर टाकत म्हणाले, "घोंगडी तिथं शब्द. आता घोंगडी निघाली वाड्याबरोबर. मागं काय ऱ्हायलं?"

दादाभाऊ शेजारीच उभे होते. त्यांनी घोड्याची दोरी तेवढी आवळली. मला वस्तीबाहेर जाताना बाकीच्या आठ घरांनी पाहिलं. तेवढंच हवं होतं जणू. घोंगडी गेली म्हणजे आपण मोकळे, असं म्हणत त्यांनीही आपापल्या पोरींना चप्पल घालायला लावली. मला कळलं तेव्हा माझी वळकटी झाली होती. थंडीसाठी नाही, देवाधर्मासाठी नाही, दिलेला शब्द वस्तीबाहेर काढायला मला नेत होते. माझ्याच नावची म्हण, आणि तिनंच माझा गळा धरला.

सहा-सात दिवसांनी आमचा तळ जुन्नरच्या पश्चिमेला घाटघरला पडला. तिथून नाणेघाट उतरला की कोकण. संस्कृतीच्या मांडीवर दोन कोकरं होती. तिचं दफ्तर माझ्याखाली दबलेलं, एकदाही उघडलेलं नव्हतं. दुपारी रस्त्याकडून कुणीतरी झपाझप येताना दिसलं. रोहिणी होती.

कुशाबांनी लगबगीनं मला अंथरलं. पाहुणा आला की अंथरतात तशी. "ये रोहे, बस. दमली आसशील."

ती आली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर उघड्या मातीत बसली. मी तिथंच होते, अंथरलेली, रिकामी. ही पोर रांगायला माझ्यावर शिकली होती.

"गाडी बंद झाली, आबा," ती म्हणाली. "साहेब मोजायला आलं व्हतं. नऊ पोरी निघाल्या."

"अगं, पुढल्या साली बघू. कोकरं लई झाली औंदा. माणूस लागतंय."

"मला सांगायचं व्हतं. मी भांडले असते, रडले असते. पण हात ठिवल्यावर असं करायचं न्हाई. माझी पाठ वळल्यावर न्हाई."

कुशाबा म्हणाले, "मी शब्द मोडला न्हाई. घोंगडी संगं आणली."

"तुमी मोडला असता तरी चाललं असतं," रोहिणी म्हणाली. "तुमी तो चोरून नेला."

दादाभाऊ उठले आणि मेंढरांकडे निघून गेले. रोहिणीनं संस्कृतीच्या मांडीवरची कोकरं खाली ठेवली आणि माझ्याखालचं दफ्तर ओढून काढलं. घाटाचा वारा सुटला होता, म्हणून संस्कृतीनं मला खांद्यावर घेतलं. रोहिणीनं मला तिच्या खांद्यावरून उतरवलं आणि आपली ओढणी तिच्याभोवती गुंडाळली. मला फेकलं नाही तिनं. कोपऱ्याला कोपरा लावून नीट घडी घातली, जशी सोनीबाईच्या घरात घालतात, आणि आजोबांच्या हातात दिली.

कुशाबांचा आवाज उतरला होता. "घेऊन जा घोंगडी. वस्तीवर आंथर. आल्यावर परत सगळ्यांना बसवतो, परत हात ठेवतो."

"नको आबा," ती म्हणाली. "आता तिच्यावर कोण बी हात ठेवू द्या, मला तो शब्द वाटायचा न्हाई."

त्या दोघी रस्त्याला लागल्या. मी घडीतच राहिले.

पुढचे सहा महिने मी कोकणात काढले. वस्तीची खबर दादाभाऊंच्या फोनवरून कानावर यायची. रतनबाईनं वळचणीची काठी पुन्हा काढली होती. रोहिणी रोज सकाळी दहा पोरींना चालत शाळेत पोचवत होती आणि मग कॉलेज गाठत होती. बापाचा फोन ती घ्यायची, आजोबांचा नाही. माझी चौकशी कुणी केली नाही.

जूनमध्ये आम्ही परतलो. रोहिणीनं डेपोकडून पुन्हा एक महिना मागून आणला होता. बैठक देवळापुढेच बसली आणि रीत म्हणून मलाही अंथरलं. माझ्या मनात वेडी आशा होती. कुशाबांनी खोकून घसा साफ केला आणि पहिल्यासारखाच उजवा हात माझ्याकडे आणला.

"हात तिथं नको, आबा," रोहिणी म्हणाली. "हितं."

तिच्या हातात कागद होता, वर शाळेचा शिक्का. पोरगी वर्षभर शाळेतच राहील, वाड्याबरोबर नेणार नाही, अशी हमी. खाली नाव, पोरीचं नाव, तारीख. सह्या येणाऱ्यांनी सह्या केल्या. कुशाबांना लिहिता येत नाही. रोहिणीनं शाईचा पॅड पुढे धरला, त्यांनी अंगठा टेकवला आणि कागदावर उमटवला. तिनं फुंकर मारून ठसा वाळवला, कागद पिशवीत ठेवला. बैठक उठली.

अंगठ्याला शाई राहिली होती. कुशाबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि ती माझ्या कोपऱ्याला पुसली.

तोच हा डाग, मित्रांनो. गाडी आता येते, हॉर्न मला इथून ऐकू येतो. सत्तावीस पोरी जातात. रोहिणीचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माझ्यावर विसंबली आणि फसली, म्हणून कागद शिकली. मला आनंद आहे आणि सलही आहे, दोन्ही एका अंगावर आहेत.

तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल तर तिला उन्हं दाखवा, घडीत कडुलिंबाचा पाला घाला, कसर लागली नाही तर आम्ही पिढ्या काढतो. आणि तुमच्या आजोबांनी कुणाला काही कबूल केलं असेल तर ते काय होतं, एकदा त्यांना विचारून ठेवा. आमचे कुशाबा आता थकले आहेत. थंडीत मला अंगावर ओढतात, पण झोपताना निळा कोपरा पायाकडे करतात.