माझ्या मुळांना लागलेला भंडारा

मित्रांनो, मलकापुरातल्या एका घराच्या दुसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या पूर्वेकडच्या खिडकीत, मिठाच्या बरणीशेजारी जाड पानांचं एक झाड बसलेलं दिसेल. तो मी. ऑर्किड म्हणतात मला. तसा मी आता म्हाताराच म्हणायचा, कारण माझ्या जातीतली बरीच मंडळी पहिला बहर संपला की कचऱ्याच्या डब्यात जातात. मी राहिलो. कसा राहिलो ते सांगतो, आणि सांगता सांगता दोघींचे आभारही मानतो.

माझा जन्म मातीत झाला नाही. एका हरितगृहात, काचेच्या बाटलीत, भावंडांच्या दाटीवाटीत मी वाढलो. पुढे मला झाडाच्या साली आणि कोळशाच्या तुकड्यांत बसवलं. आमचे पूर्वज जंगलात फांद्यांवर राहणारे. मुळांना वारा लागला की आम्ही खूश. ओली माती आम्हाला सोसत नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढची सगळी भानगड इथूनच सुरू होते.

या घरचा अमृत फौजेत आहे. सुट्टी संपवून परत निघताना त्याने मला रोपवाटिकेतून आणलं आणि बायकोच्या, म्हणजे पल्लवीच्या, हातात दिलं.

"ही फुलं गळायच्या आत पुन्हा येतो बघ."

"फौजीचा शब्द हाय," पल्लवी म्हणाली. "धरून बसणार मी."

माझी जांभळी फुलं उन्हाळाभर टिकली. येणारा-जाणारा कौतुक करायचा आणि मी जरा जास्तच ताठ बसायचो. पण अमृतला सुट्टी मिळेना. फुलं एकेक करून गळली. पल्लवीने ती केरात टाकली नाहीत, देव्हाऱ्याजवळच्या वाटीत ठेवली. ते पाहून मला गलबलून आलं. अमृत येईल तेव्हा अंगावर फूल असलंच पाहिजे, असं मी त्या दिवशी मनाशी घेतलं.

पल्लवी दवाखान्यात नोकरीला. घरी एकटी. म्हणून अमृतने जतजवळच्या गावाहून आईला बोलावून घेतलं. भामाबाई आल्या. त्यांचा जन्म मेंढरांमागे गेलेला. आता थोडी ज्वारीही करतात. येताना त्यांनी घोंगडं आणलं, बाजरीचं पीठ आणलं आणि एका पिशवीत लेंडीखत आणि शेतातली काळी माती आणली. तुम्ही नाक मुरडू नका. त्यांच्या मेंढ्या रानात बसाव्यात म्हणून शेतकरी वाट बघत असतात. लेंडीखत ही त्यांच्याकडची मोलाची भेट आहे.

आल्या आल्या त्यांची नजर माझ्यावर गेली.

"पल्लवे, ह्या झाडाला माती कुठाय गं? कोळसं खाऊन जगतंय व्हय?"

"ते तसंच असतंय, आत्या." सासूला ती आत्या म्हणते.

"तसंच कसं आसंल? उपाशी हाय ते."

दुसऱ्या दिवशी पल्लवी कामावर गेली आणि भामाबाईंनी माझी कुंडी काळ्या मातीने आणि लेंडीखताने गच्च भरली. वर पाणी. त्यांचं अर्धं आयुष्य टँकरची वाट बघण्यात गेलं होतं. पाणी टाकून देणं हे त्यांच्या हातून होणारच नाही. पाहुण्याच्या तांब्यात उरलेलं पाणी मला, तांदूळ धुतलेलं पाणीही मला. "पी बाबा, हितं नळाला येतंय," असं म्हणत त्या ओतत राहिल्या. पल्लवीने माती पाहिली, पण एवढ्या लांबून आणलेली माती काढून टाका, असं सासूला म्हणायला तिची जीभ रेटली नाही.

मित्रांनो, त्या मायेत मी बुडालो. पानं पिवळी पडू लागली. पिवळी पडली म्हणून भामाबाईंनी पाणी वाढवलं. एका संध्याकाळी पल्लवीने नुसता हात लावला आणि माझं पान गळून तिच्या हातात आलं.

"ह्यांनी आणलेलं हुतं, आत्या," ती एवढंच म्हणाली आणि आत गेली.

 भामाबाईंनी रात्रीच आपली पिशवी भरली. सकाळी त्या म्हणाल्या, "माझा हात हितं लागंना, पोरी. एस्टीनं जाते म्या."

मला वाटलं, मीही चाललो आणि माझ्यापायी ही बाईही चालली.

निघण्याआधी आपली माती काढून घ्यावी म्हणून त्यांनी मला कुंडीतून उपसलं. मुळांचा वास नाकात गेला आणि त्या थबकल्या.

"पल्लवे, हिकडं ये. खूर कुजल्यावाणी वास येतोय. पावसाळ्यात मेंढरू चिखलात उभं ऱ्हायलं की आसंच हुतं. म्याच चिखलात उभं केलं गं ह्याला."

"मग मेंढराला काय करता?"

"कुजल्यालं कापायचं, भंडारा लावायचा, कोरड्यात बांधायचं."

पल्लवीने मोबाईल पुढे केला. "ह्या व्हिडिओतली बाईपण कापाच म्हणतीय. रातीपासनं बघतीय मी, पर धीर हुईना."

"तू बघून सांग. म्या कापते."

पल्लवीने कात्री गॅसवर तापवून घेतली. ती एकेक मूळ दाबून बघायची. टणक असलं तर "ऱ्हाऊ द्या" म्हणायची, मऊ असलं तर मान हलवायची आणि भामाबाई कापायच्या. बहुतेक मुळं गेली. मग भामाबाईंनी कमरेची चंची सोडली आणि बिरोबाचा भंडारा बोटाने माझ्या प्रत्येक जखमेवर लावला. देवाची ती हळद थोडी झोंबली, पण बरं वाटलं.

"पानी कवा द्यायचं?"

"आठवडाभर द्यायचंच न्हाई."

भामाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पिशवी उचलली. पल्लवीने ती हातातून काढून घेतली.

"आजारी जित्राब टाकून जाता व्हय, आत्या? हे उभं ऱ्हाईस्तोवर जायचं न्हाई."

त्या आठवड्यात माझ्यापेक्षा भामाबाईंचेच जास्त हाल झाले. तांब्या घेऊन खिडकीपाशी यायच्या, उभ्या राहायच्या आणि भरल्या तांब्यानिशी परत फिरायच्या. पाणी न देणं एवढं अवघड असतं, हे मी त्यांच्याकडे बघून शिकलो.

पल्लवीने कुंडीत घातलेल्या नारळाच्या शेंड्या आणि कोळशात मी दिवस काढले. मध्ये अमृत घाईघाईने येऊन गेला, तेव्हा दोघींनी मला बाथरूमच्या खिडकीत लपवलं. उरलेली दोन पानं काय दाखवायची? "झाड कुठाय?" त्याने विचारलं. दोघी एकदम म्हणाल्या, "औशदाला दिलंय!" मला भयंकर हसू आलं.

थंडीत मला हिरव्या टोकाचं नवं मूळ फुटलं. मग पान आलं. पुढच्या थंडीत दांडा निघाला, कळ्या धरल्या आणि एके सकाळी पहिलं फूल उमललं. भामाबाईंनी दोन्ही हातांनी माझ्यावरून बोटं मोडली. या खेपेला अमृतने शब्द पाळला. फुलं गळायच्या आत आला.

"आयला, हे तेच झाड?"

"म्या मारलं हुतं," भामाबाई म्हणाल्या. "हिनं जगवलं."

"काय बी सांगत्यात. आत्यांनीच जगवलं."

दोघींचं चांगलंच जुंपलं. माझं विचाराल तर दोघीही खरंच बोलत होत्या.

भामाबाई अजून इथेच आहेत. गावी कधी जाणार विचारलं, की माझ्याकडे बोट दाखवतात, "त्याला नवं पान येतंय, तेवढं बघून जाते." गावाला जायची ती पिशवी आता खिळ्याला आहे आणि तिच्यात लसूण असतो.

मित्रांनो, फुलं गळाली म्हणून आम्हाला टाकू नका. आणि माया करायची तर जरूर करा, पण आम्हाला काय सोसतं ते आधी बघा. पाहुण्याच्या तांब्यात पाणी उरलं, की भामाबाई आजही पहिल्यांदा माझ्याकडेच येतात. शेंड्यांत बोट खुपसून ओल बघतात, "न्हाई व्हय? बरं," म्हणतात आणि ते पाणी कढीपत्त्याला घालतात. सकाळी कपाळाला भंडारा लावून पिवळं झालेलं ते बोट रोज माझ्या मुळांना लागतं. मला आणखी काही नको.