बारा नंबरचा झगा

साल एकोणीसशे एकाहत्तर. शिवणशाळेच्या परीक्षेला त्या वर्षी एकोणीस मुली बसल्या होत्या, आणि बारा नंबरचा झगा हातात येताच परीक्षक म्हणून बसलेल्या काजेवालीचा चेहरा उजळला.

परीक्षेच्या कपड्यांवर नावं नसत, नुसते आकडे. पण तीस वर्षं काजं करून तिला हात ओळखता येई. सगळ्या मुली काज खालच्या टोकाकडून सुरू करत. इथे वरून सुरू केलेलं होतं आणि शेवटचा टाका दोनदा घेतलेला. अशी काजं गावात एकाच घरात होत. कटिंगबाईच्या. म्हणजे झगा तिच्या मुलीचा.

"काय हो, एकट्याच हसताय?" समोरच्या टेबलावरून मास्तरांनी विचारलं. म्हातारे शिंपी, दुसरे परीक्षक.

"काही नाही मास्तर. देव प्रार्थना ऐकतो म्हणतात, ते आज पटलं."

सतरा वर्षांपूर्वी काजेवाली आणि कटिंगबाई एकाच कारखान्यात होत्या. कटिंगबाईने एक अख्खं ठाण चुकीचं कापलं आणि मालकासमोर बोट हिच्याकडे दाखवलं. "हिनंच कापडावरच्या खुणा चुकवल्या." नोकरी गेली. घरात नवरा अंथरुणाला खिळलेला, पोरं लहान. पुढच्या रविवारी चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसलं नाही, आणि कटिंगबाई पहिल्या बाकावर सगळ्यांत मोठ्या आवाजात गात होती. तेव्हापासून काजेवालीचं एकच मागणं होतं: प्रभू, एकदाच हिला माझ्या हातात दे.

आज दिली होती. मुलगी पास झाली तर शाळेतली शिक्षिकेची जागा तिला मिळणार होती; नापास झाली तर संपलंच. काजेवालीने झगा उलटा केला. काखेतली आतली कड कच्ची, दुमडून न शिवता सोडलेली. थंडगार पाणी प्यायल्यासारखं तिला बरं वाटलं.

"मास्तर, बारा नंबर नापास. कड कच्ची आहे. त्यावर नापास करणं नियमात बसतं."

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बसतं की. बाकीच्यांच्या कडा कशा आहेत?"

"बाकीच्यांच्या?"

"अकरा झगे तपासलेत तुम्ही. एकही उलटा केलेला मला दिसला नाही, म्हणून विचारतो."

"पाळत ठेवताय का माझ्यावर?"

"तुमच्या समोरच बसवलंय बाई मला. डोळे काय खिशात ठेवू?"

"तुम्हाला माहीत आहे का, हा कुणाचा आहे ते?"

"मला आकडा दिसतो. तुम्हाला काय दिसतं, ते तुमचं तुम्ही बघा." मास्तर पुन्हा आपल्या कामाला लागले.

काजेवालीचे कान तापले. म्हाताऱ्याचा राग आला, मग आठवण आली. त्या दिवशी मालकानेही फक्त तिच्याच खुणा तपासायला मागवल्या होत्या. कटिंगबाईची कात्री कुठून कुठे फिरली, हे पाहायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आणि आता मालकाच्या खुर्चीत ती बसली होती.

तिने अकराच्या अकरा झगे पुन्हा ओढले आणि उलटे केले. पुढचे सातही केले. बारा नंबर धरून एकूण सात झग्यांच्या कडा कच्च्या निघाल्या. सातही नापास करावेत, असं क्षणभर आलंच मनात. बोलायला कुणाला जागा राहिली नसती. पण मग सहा परक्या पोरी कशासाठी बुडवायच्या? आपल्या सुडाला सोबत म्हणून?

तिने सातही जणींचे पाच-पाच गुण कापले. बारा नंबर दोन गुणांनी पास झाला. आकडा लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं, इतकं तिने दाबलं होतं.

"झालं?" मास्तरांनी विचारलं.

"झालं. घ्या, सही करा, आणि माझ्याशी दोन दिवस बोलू नका."

घरी जाताना ती चर्चच्या दारात थांबली. आत गेली नाही. बाहेरूनच म्हणाली, "तू दिलीस, मी सोडली. पण माफ केलं, असं समजू नकोस."

कटिंगबाई पुढे गावभर सांगत सुटली, की काजेवालीने खार खाऊन माझ्या पोरीचे पाच गुण खाल्ले. काजेवालीने उत्तर दिलं नाही. मास्तर दोन वर्षांनी गेले. त्यांनीही कधी कुणाला काही सांगितलं नाही. मुलगी चौतीस वर्षं शिक्षिका होती आणि चांगली होती, असं सगळेच म्हणत.

कटिंगबाई वारली तेव्हा काजेवाली पंच्याहत्तरीची होती. काठी टेकत चर्चमध्ये आली, शेवटच्या बाकावर बसली. प्रार्थना संपल्यावर मुलीने हात पुढे केला, तो तिने दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. शवपेटीकडे मात्र तिने एकदाही पाहिलं नाही.