कुठल्याच फळ्यावर नसलेलं कार्ड

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला टेस्टरसुद्धा. त्याला मात्र सगळे शंकासुर म्हणत आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नसे. ती ज्यांची प्रमुख होती त्या नऊ जणांच्या गटाचं काम एकच. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये गंभीर रिपोर्ट तयार झाला की त्याची सूचना लगेच वॉर्डातल्या सिस्टरच्या फोनवर पोचवायची, त्याचं सॉफ्टवेअर ते सांभाळत.

कामाचा नुसता सावळागोंधळ चालला होता. जो जास्त ओरडेल त्याचं काम आधी. शेवटी साहेबांनी फर्मान काढलं, "चौघांचं काम स्क्रम पद्धतीने चालू द्या, चौघांचं कानबानने. शंकासुर दोघांचंही तपासेल. सहा आठवड्यांनी ताईंनी सांगायचं, आपल्याला काय मानवतं."

स्क्रमवाले दोन-दोन आठवड्यांचं काम आधीच ठरवून घेत. त्याला स्प्रिंट म्हणायचं. ती सुरू झाली की मध्ये नवं काही घुसवायचं नाही. कानबानवाल्यांना अशी मुदत नव्हती. त्यांच्या फळ्यावर कार्डं लावलेली असत. एका वेळी तीनच कार्डं हातात घ्यायची आणि एक संपलं की पुढचं उचलायचं.

पहिला महिना मजेत गेला. मग कुठूनतरी कुजबुज सुरू झाली की हरणाऱ्या पद्धतीची माणसं दुसऱ्या विभागात पाठवणार. त्या दिवसापासून दोन्ही टेबलं एकमेकांशी तोलूनमापून बोलू लागली.

सहाव्या आठवड्यात, मंगळवारी, वॉर्डातल्या सिस्टरचा फोन आला. "मॅडम, सूचना कधी कधी उशिरा येते हो. काल दहा मिनिटं लागली."

ताईने तक्रार कार्डावर लिहिली आणि ती स्क्रमवाल्यांच्या म्होरक्याकडे गेली.

"ताई, स्प्रिंटचे चारच दिवस उरलेत. आत्ता हे घेतलं तर आमचे आकडे कोसळतील. सोमवारी घेतो की!"

कानबानच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "तिन्ही कार्डं हातात आहेत. चौथं घेतलं तर नियम मोडला म्हणून तुम्हीच लिहाल."

ताईला हुकूम सोडता आला असता. पण शुक्रवारी अकरा वाजता तुलना मांडायची होती. आता मध्येच हात घातला तर सहा आठवड्यांच्या मेहनतीवर पाणी पडेल, असं तिला वाटलं. तिने कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं.

शंकासुराने ते पाहिलं. "ताई, उशीर का होतो ते कळल्याशिवाय ते आत टाकणं बरोबर आहे का?"

"तुम्हाला काय, प्रत्येक गोष्टीत शंका!" ती फटकन बोलली. तो मान हलवून निघून गेला.

त्यानंतर तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. फोन वाजला की ती आधी हॉस्पिटलचा नंबर आहे का ते बघायची. बुधवारी मुलीच्या वहीवर सही करताना तिने तारीख चुकवली. गुरुवारी जेवताना ती सारखी फोनकडे बघतेय हे पाहून नवऱ्याने विचारलं, "कुणाचा फोन यायचाय का गं?"

"येऊ नये म्हणून बघतेय," ती म्हणाली.

शुक्रवारी दहाच्या सुमाराला तो आलाच. सिस्टरचा आवाज चढला होता. "मॅडम, पोटॅशियमचा रिपोर्ट चाळीस मिनिटं उशिरा आला! पेशंटच्या हृदयाचे ठोके बिघडले. आत्ताच आयसीयूत हलवलंय."

ताई म्हणाली, "आमची दुरुस्ती होईपर्यंत लॅबला प्रत्येक गंभीर रिपोर्ट फोन करून सांगायला लावा." मग ड्रॉवर उघडून ती दोन टेबलांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"हातातलं सगळं थांबवा. ही तक्रार मंगळवारी आली होती. मी ती दाबून ठेवली. आता एक माणूस आयसीयूत आहे."

कुणी स्प्रिंटचं नाव काढलं नाही, कुणी कार्डं मोजली नाहीत. सगळ्यांनी खुर्च्या एका टेबलाभोवती ओढल्या.

"दोन्ही वेळा ड्युटी बदलत होती का?" शंकासुराने विचारलं. नोंदी काढल्या तेव्हा खरंच तसं निघालं. सूचना घरी निघून गेलेल्या सिस्टरच्या फोनवर जात होती आणि तिथेच उत्तराची वाट बघत बसत होती; तिने पाहिली की मगच ड्युटीवरच्या सिस्टरकडे सरकत होती.

अकराला साहेब आले. "ताई, तुलना?"

"नंतर, साहेब. आधी हे. चूक माझी आहे."

अडीचला दुरुस्ती झाली. शंकासुराने ती नाना तऱ्हांनी मोडून पाहिली आणि चारला हॉस्पिटलकडे पाठवली. मग ताई साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"स्क्रमवाल्यांनी कबूल केलेलं काम वेळेत दिलं. कानबानमध्ये काम कुठे अडलंय ते लगेच दिसलं," ती म्हणाली. "पण तक्रारी तारीख बघून येत नाहीत, म्हणून आपल्याला कानबान बरं. तीन कार्डांच्या बाहेर एक जागा मात्र मोकळी ठेवायची, जिवाशी संबंध असलेल्या कामासाठी. स्क्रमवाले दर दोन आठवड्यांनी काय चुकलं ते बोलत बसतात, तेही ठेवू. आणि माणसं हलवायची असतील तर आधी मला हलवा."

"माणसं हलवायचं कोण म्हणालं?"

"कुणीच नाही. पण हलवणार नाही, असंही कुणी म्हणालं नाही."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "ते मी सांगायला हवं होतं. हॉस्पिटलला लेखी कळवावं लागेल. तक्रार पडून होती त्या तीन दिवसांसकट."

"मी लिहिते."

"आणि पुढचे तीन महिने कुठलं काम आधी ते शंकासुर ठरवेल."

तिने मान डोलावली. शिक्षा होती, पण ऐकून तिला हलकं वाटलं.

शनिवारभर पेशंट आयसीयूतच होता. रविवारी दुपारी ताईचा फोन सिस्टरने उचलला. "धोका टळलाय. थोडं जेवलेसुद्धा."

ताईने पत्र पाठवलं होतं, तरी ती तोंडाने बोलली. "सिस्टर, तुमची तक्रार मी तीन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवली होती."

"सांगितलंत ते बरं केलंत," सिस्टर म्हणाली. "पण मला राग आलाय, मॅडम. तो इतक्यात जायचा नाही."

"यायलाच हवा," ताई म्हणाली.

फोन ठेवला आणि आठवडाभर रोखून धरलेलं रडू तिला तिथेच, भांडी घासायच्या ओट्याशी उभ्या उभ्या फुटलं. नवऱ्याने नळ बंद केला आणि तो तिच्या शेजारी उभा राहिला.