संत्रं घातलेलं नाही

गार्थने ओफेलियाला हॉलमागच्या स्वयंपाकघरात बोलावून दार लोटून घेतलं, तेव्हा तिला वाटलं, बक्षिसाचंच काहीतरी सांगणार.

मॉक्सी गावातल्या, घरी बिअर बनवणाऱ्यांच्या क्लबची वसंतातली स्पर्धा चालली होती. गार्थ क्लबचा अध्यक्ष, गावात त्याचं टायरचं दुकान. ओफेलिया बारागान शाळेची बस चालवायची आणि नवऱ्याची गाडी बाहेर काढायला लावून गॅरेजमध्ये बिअर करायची. क्लबात मेक्सिकन घरातली ती एकटीच.

"तुझी बिअर सगळ्यांच्या पुढे आहे," गार्थ म्हणाला. "परीक्षक पुन्हा पुन्हा ग्लास मागून घेतायत. फक्त एक सांग, संत्र्याची साल टाकलीयस ना?"

"नाही."

"मग पपनस?"

"काहीच नाही. हॉपच्या बोंडांचाच वास आहे तो."

"अगं, हॉप आम्हीही टाकतो की! हे बघ, फळ घातलेली बिअर या गटात चालत नाही. मी तुझी बाटली गुपचूप फळांच्या गटात हलवतो. तिथे पहिलं बक्षीस तुझंच."

"फळ घातलेलं नाही, तर फळांच्या गटात कशाला जाऊ?"

"चिडतेस काय? तुमच्यात लिंबू पिळल्याशिवाय कुणी बिअरचा घोट घेत नाही. सवयीने गेला असेल हात."

हे तो हसत हसत म्हणाला. त्याच्या दृष्टीने त्यात वाईट काही नव्हतंच.

ओफेलियाची कानशिलं तापली. याच खोऱ्यात तिच्या आईने उभा जन्म हॉपच्या, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या बोंडांच्या वेलींच्या, मळ्यांत काढला होता. वेलींच्या कुसांनी आईचे हात कोपरापर्यंत ओरबाडलेले असायचे आणि तोडणीच्या दिवसांत तिच्या कुशीत शिरलं की संत्र्याच्या सालीसारखा, ओल्या गवतासारखा, किंचित कडू वास यायचा. संत्री विकत घेण्याइतके पैसे त्या घरात तेव्हा नसायचे.

ती बाहेर गेली आणि परीक्षकांसमोरच्या आपल्या बाटल्या उचलून खोक्यात भरू लागली.

"बाटल्या परत नेता येत नाहीत," एक परीक्षक म्हणाला.

"मग अडवा मला," ती म्हणाली. कुणी जागचं हललं नाही.

घरी तिचा नवरा रोहेलियो टेबलाशी बसून आपल्या कॅनमधल्या पाणचट बिअरमध्ये लिंबू पिळत होता. तिने सगळं सांगितलं. त्याने शांतपणे फोड चोखली.

"घ्यायचं होतंस बक्षीस. गट कुठला का असेना, कप तर कपच."

"म्हणजे मी खोटारडी आहे असं लिहून द्यायचं?"

"मला एवढंच म्हणायचंय, ओफे, की त्या माणसाशी तुझी रोज गाठ पडणार. गावात टायरचं दुकान एकच आहे."

"पंक्चर झालं तर पायी जाईन. आणि ते लिंबू उचल इथून!"

त्याने लिंबू उचलून खिशात टाकलं.

दुसऱ्या दिवशी तिने गार्थला फोन केला. "रविवारी माझ्याकडे ये. ज्यांनी ज्यांनी ती बिअर चाखली त्यांना घेऊन ये. तुमच्यासमोर करते. आधी माझं स्वयंपाकघर तपासा, मग भांडं चढवते."

गार्थने टाळायचा प्रयत्न केला. "कशाला एवढं ताणतेस? विसरून जाऊ."

"तू विसरशील. येतोस की नाही ते सांग."

रविवारी तो आला, सोबत क्लबचे चार-पाच जण. बारागानांच्या दारातून आजवर कुणी उपाशी गेलेलं नव्हतं, पण त्या दिवशी ओफेलियाने कुणाला कॉफीसुद्धा विचारली नाही. कपाटं उघडायला लावली, फ्रिज उघडायला लावला. रोहेलियोने घरातली सगळी लिंबं पिशवीत भरली आणि मिरवत शेजारणीकडे नेऊन दिली.

अंगणातल्या शेगडीवर बार्लीचं गोड पाणी उकळू लागलं. तिने फ्रीजरमधल्या पिशवीतून हॉपची थोडी बोंडं काढून आत टाकली. गार्थने वाफेवर नाक धरलं.

"गवत," तो म्हणाला. "कुठंय तुझं संत्रं?" मागे दोघं फिसकन हसले.

मागे एकदा, उशिरा तोडलेल्या हॉपची अख्खी खेप कांद्यालसणासारखा वास मारत निघाली होती, ते ओफेलियाला आठवलं. यावेळी तसंच झालं तर? पण आवाज तिने हलू दिला नाही.

"उकळीत वास उडून जातो, कडूपणा तेवढा राहतो. म्हणून बाकीचे हॉप मागाहून घालायचे, बिअर फसफसत असताना. बोंडांतल्या पिवळ्या भुकटीत तेल असतं, यीस्ट त्यावर काम करतं. तेव्हा येतो तो वास."

"म्हणजे आम्ही गेल्यावर," गार्थ म्हणाला.

"नाही. हे पाणी निवलं की तूच घरी घेऊन जा. तुझ्या गॅरेजात ठेव, कुलूप लाव. हॉप घालायला मी येईन, तेही तू समोर असताना."

हे त्याला अनपेक्षित होतं. पण सगळे बघत होते, त्यामुळे पाणी निवल्यावर, यीस्ट घालून झाकण लावलेली बादली त्याला आपल्या गाडीत ठेवावीच लागली.

बादली फसफसायला लागल्यावर ती त्याच्या गॅरेजात गेली. त्याच्याच हातात पिशवी दिली. "हुंग. चोळून बघ. काय हवं ते कर." त्याने बोंडं तळहातावर चुरडली, बराच वेळ हुंगली आणि पिशवी तिला परत दिली. मग तिने हॉप आत ओतले आणि ती निघून आली.

पुढच्या आठवड्यात ती बस धूत होती तेव्हा गार्थची गाडी शाळेच्या आवारात शिरली. तो उतरला, टोपी काढून पुन्हा घातली.

"बायको विचारतेय, गॅरेजात बसून संत्री कोण खातंय," तो म्हणाला. "ओफेलिया, तू खरं बोलत होतीस. माझं चुकलं."

तिने पाण्याचा नळ बंद केला नाही. "इथे कोण ऐकतंय?"

"म्हणजे?"

"संशय सगळ्यांपर्यंत पोचला, तशी ही चूकही पोचू दे. आणि लिंबाचं जे बोललास, तेही सांगायचं."

"ते मी गमतीत..."

"मग गमतीतच सांग. पण उभा राहून सांग."

क्लबच्या पुढच्या बैठकीला ती रोहेलियोसोबत गेली. गार्थने त्याच्या गॅरेजात तयार झालेल्या त्या बिअरचं छोटं पिंप टेबलावर ठेवलं आणि उभा राहिला. यात संत्रं नाही, पपनस नाही, मी स्वतः राखण केली आहे, असं त्याने सांगितलं. मग अडखळला. ओफेलिया हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत राहिली.

"आणि तुमच्यात लिंबू पिळतात म्हणून तूही पिळलं असशील, असं मी तिला बोललो," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "ते बोलायला नको होतं."

काहींनी टाळ्या वाजवल्या. दोघं बिअर न चाखताच उठून गेले. स्पर्धेतलं बक्षीस केव्हाच दुसऱ्याला गेलं होतं, ते परत मागायचं तिच्या मनातही आलं नाही. तिने पिंपाची तोटी उघडली आणि रांगेतल्या एकेकाला ग्लास भरून दिला. गार्थची पाळी आली. त्याने हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. तिने त्या हातात ग्लास ठेवला आणि मागच्या माणसाला म्हणाली, "हं, पुढे या."