कवटीचं गिरमिट

मित्रांनो, सुताराचं गिरमिट तुम्ही पाहिलं असेल. मीही तसाच, हातानं फिरवायचा. फक्त मी लाकडाला नाही, माणसाच्या कवटीला भोक पाडतो. ट्युनिशियातल्या सफाक्स शहरातल्या एका दवाखान्यात मी चाळीस वर्षं आहे. विजेवर चालणारं यंत्र आलं आणि मी कपाटात गेलो. तरीही शस्त्रक्रिया विभागातले जुने मदतनीस मन्सूरकाका मला दर आठवड्याला उकळून ठेवायचे. बाकीचे हसायचे.

एका सकाळी करकेना बेटावरून शादलीला बोटीनं आणलं. समुद्रात मडकी सोडून, त्यांत घर समजून शिरलेले ऑक्टोपस धरणारा माणूस, वय त्रेचाळीस. रक्तदाबाच्या गोळ्या त्यानं उन्हाळ्यातच सोडल्या होत्या. दोन दिवस डोकं ठणकलं, मग दिसेनासं झालं, आता तो हाकेला ओ देत नव्हता. दाब दोनशे चाळीस.

“डोक्याला भोक?” डॉक्टरांचं ऐकून त्याची बायको नाजिया म्हणाली. “औषधानं दाब नाही का उतरायचा?”

“औषध चालू आहे, पण दाब हळूहळूच उतरवावा लागतो,” डॉक्टर रौदा म्हणाल्या. “मेंदूच्या मागच्या भागाला सूज आलीय. आतल्या पाण्याची वाट बंद झालीय. ते तुंबलेलं पाणी आत्ता काढलं नाही, तर तो हातचा जाईल.”

नाजियानं सही केली.

कातडीला छेद दिला आणि विजेचं यंत्र घरघरून बंद पडलं. दुसरं दुरुस्तीला गेलेलं. मन्सूरकाकांनी मला पुढे केलं.

“काका, मी हे कधी फिरवलेलं नाही,” डॉक्टर रौदा म्हणाल्या.

“जोर नको लावूस, पोरी. सरळ धर आणि फिरव. आवाज बदलला की थांब.”

रौदा मला सरळ धरून फिरवू लागल्या. मी हाड कुरतडत गेलो. आवाज बदलला, त्या थांबल्या. मग बारीक नळी आत गेली आणि स्वच्छ पाणी उसळून बाहेर आलं.

तिसऱ्या दिवशी शादलीनं डोळे उघडले. “माझी मडकी समुद्रातच राहिली.”

“राहू देत,” नाजिया म्हणाली. “ऑक्टोपसांना चार दिवस बिनभाड्याचं घर. तू आधी ही गोळी गिळ.”

नजर परत आली. चालताना मात्र तो अजून थोडा झोकांडतो. सगळ्यांची बोट वेळेवर पोचत नाही, मित्रांनो. तुमच्या घरात कुणी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून दाबाची गोळी सोडली आहे का, ते आजच विचारा. मी कामाचा आहे, हे खरं. पण माझ्यापर्यंत कुणाला यावं लागू नये.