रांजणाचा गारवा

मित्रांनो, मी सोनपेठचा एक जुना रांजण. गोदावरीच्या गाळात राख आणि लीद कालवून कुंभाराने मला घडवले. भट्टीत मी जरा कच्चाच राहिलो, म्हणून पाझरतो. आणि पाझरतो म्हणूनच माझे पाणी गार. नीलम्माने मला ओसरीच्या कोपऱ्यात अर्धा पुरून घेतले. उन्हाळ्यात पाणी प्यायला थांबणारे म्हणत, "अक्का, तुमाला फ्रीज कशाला पायजे?" ते ऐकून ती माझ्या काठावरून हात फिरवी.

एका पौषात नीलम्माचे डोळे पिवळे झाले. साधी घागर उचलली तरी तिला धाप लागे. शेजारच्या कमलबाई म्हणाल्या, "कावीळ हाय अक्का. लय उष्णता झालीय अंगात. रांजणातलं गार पाणी घेत जा."

"डोळ्याला हळद लागली व्हय? आता पुन्हा नवरी करता का मला?" नीलम्मा हसली.

रोज पहाटे ती माझ्याच पाण्याने तोंड धुई, ओले फडके पोटावर ठेवी. तिची बोटे जांभळी पडत. एकदा लेक वैजयंतीने विचारले, "आई, पौषात जांभळं कुठं मिळाली तुला?" दोघी हसल्या. चुलीपाशी बसले की बोटे पहिल्यासारखी होत, म्हणून कुणाला काही वाटले नाही.

पुढे नीलम्माला अंथरुणातून उठवेना. तिला परभणीच्या दवाखान्यात ठेवून वैजयंती कपडे न्यायला आली, तेव्हा कमलबाईंपाशी ओसरीतच बसली.

"काकू, आईचं रक्त नळीत गार झालं की त्याची गुठळी व्हायलीय. नळी ऊन केली की पुन्हा सुटं. ही साधी कावीळ न्हाई, क्वचित कुणाला होणारा आजार हाय. गारठा लागला की तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात, मग फुटतात. त्याचंच पिवळं डोळ्यांत उतरलंय."

"मंग मी गार पाणी घे म्हणले ते?"

"अन् मी जांभळं म्हणले."

नीलम्मा घरी आली. माझ्यावर झाकण पडले. ऊन पाणी, मोजे, कानाला मफलर. कमलबाई स्वतः पाणी तापवून आणीत, आणि भांडे ठेवून परत जात. पण अंगातले रक्त फार आटले होते. होळीच्या आत नीलम्मा गेली.

मित्रांनो, गारवा वाईट नसतो. पण तो कुणाला सोसतो, हे आधी पाहावे लागते. कुणाचे डोळे पिवळे दिसले तर उष्णता म्हणून सोडून देऊ नका. त्याची बोटेही पाहा, रक्त तपासून घ्या.

वैजयंती अजून मला भरते. भरून झाले की पाण्यात हात बुडवून बराच वेळ उभी राहते. मग तो बाहेर काढून उजेडात धरते. तिची बोटे जांभळी पडत नाहीत, तांबूसच असतात. ती बोटे पुसत नाही, नुसती पाहत राहते.